अक्षरशत्रूंचा प्रवास

साठी ओलांडल्यावर पाठीवर पिशव्या अडकवून आम्ही उभयता चीनला निघालो, तेव्हा इंदुरातील आप्तेष्टांनी आमच्या पोटाची काळजी केली. डोळ्यांची काळजी कोणालाच सुचली नाही. शिआनच्या स्थानकाबाहेर आलो, आणि वाचनालयाचे जुने सभासद असलेले आम्ही एका क्षणात निरक्षर झालो. समोरची पाटी दुकानाची की दवाखान्याची, तेही उमगेना.

‘आम्ही मांस खात नाही’ अशी चिनी लिपीतील चिठ्ठी भाचीकडून लिहून घेतली होती. खाणावळीतील बाईंनी ती वाचली, मान डोलावली आणि खिमा पेरलेल्या शेवया आणून ठेवल्या. आमचे चेहरे पाहून त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली, कपाळावर हात मारून घेतला, आणि तांदळाच्या पिठाच्या थंडगार पट्ट्या, काकडी व तिखट तेल असे दुसरे वाडगे आणले. आमच्या नोटा पाहून त्या हसल्या. तिथे भाजीवालाही मोबाइलवरच पैसे घेतो. सुट्ट्यांसाठी त्यांना शेजारी धावावे लागले. उकळते पाणी मात्र स्थानकांत, गाड्यांत, सर्वत्र फुकट! आमचा चहा त्यावर निभावला.

शहराभोवतीचा मिंगकालीन तट सुमारे १४ किलोमीटरांचा आहे. आम्ही एकच बाजू चाललो आणि गुडघ्यांचे ऐकून उतरलो. मातीच्या सैन्यापुढे गर्दीमुळे जिवंत माणसेच अधिक दिसली. मन रमले ते ह्युएनत्संगाच्या पॅगोड्यापाशी. हा भिक्षू ६२९ च्या सुमारास निघाला, नालंदेत शिकला, पुलकेशीच्या महाराष्ट्रातही येऊन गेला आणि ६४५ मध्ये परतला. त्याने आणलेल्या पोथ्यांसाठी ६५२ मध्ये हा पॅगोडा उभारला. त्याच्या प्रसिद्ध चित्रात पाठीवर पोथ्यांची बांबूची करंडी आहे आणि पुढे दिवा लोंबतो आहे. आमच्या पिशव्यांत लाडू आणि औषधे होती.

आमचे खरे गंतव्य मात्र शीजियाझुआंग. आमच्या सौभाग्यवतींचे माहेर सोलापूर, डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी पाहायची, हा त्यांचा जुना हट्ट. वेगवान गाडीने काही तासांत तिथे पोहोचलो. हुतात्म्यांच्या उद्यानात डॉ. बेथून यांचीही समाधी आहे. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून कोटणीस चीनला गेले. युद्धाच्या धामधुमीत चिनी शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले, बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले, तेव्हा वय अवघे बत्तीस. मुलगा काही महिन्यांचा होता. नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन.

समाधीवर काय कोरले आहे, ते आम्हांला वाचता येईना. सौभाग्यवती लेखावरून नुसता हात फिरवीत राहिल्या. झाडलोट करणाऱ्या एका वृद्धाने ते पाहिले. जवळ येऊन त्याने तीन अक्षरांवर एकेक करून बोट ठेवले: “के, दी, हुआ.” कोटणीसांचे चिनी नाव! आम्ही म्हणून दाखवले. त्याने मान हलवली. आमचा सूर चुकला होता. पुन्हा म्हटले, पुन्हा चुकलो. चौथ्या खेपेस तो प्रसन्न हसला, आणि झाडू उचलून निघून गेला.

परतताना सौभाग्यवती एका पुस्तकाच्या दुकानापुढे थबकल्या आणि पाटीवरील एका अक्षराकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणाल्या, “हुआ!”