मोल्डी की मस्टी?

परवा नातीनं फोनवर विचारलं, "आबा, मोल्डी आणि मस्टी एकच का?" मी कॉमर्सचा माणूस, भाषेचा पंडित नव्हे. पण बेळगावचा पाऊस आणि बँकेतली नोकरी, यामुळे या दोन शब्दांतला फरक मला पक्का ठाऊक आहे.

मोल्डी म्हणजे प्रत्यक्ष बुरशी धरलेलं. पावावर हिरवट ठिपके, लोणच्यावर पांढरा थर दिसला की ते मोल्डी. आमच्याकडे 'बुरा आलाय' म्हणतात. इंग्रज स्पेलिंगमध्ये 'यू' घालतात, अमेरिकन गाळतात, अर्थ तोच. मस्टी हा मुख्यतः वासाचा शब्द. बंद खोली, जुनी ट्रंक, दमट कपडे यांचा कुबट वास. हा वास बऱ्याचदा बुरशीचाच असतो, पण तो शेजारच्या कोरड्या वस्तूलाही लागतो. म्हणून मस्टी वस्तू मोल्डी असेलच असं नाही.

हा फरक एकदा फार महागात पडणार होता. १९८० नंतरची गोष्ट. खानापूर भागातली एक विधवा बाई नवऱ्याची ठेवीची पावती घेऊन शाखेत आली. चार पावसाळे ती ट्रंकेत होती. क्लार्कनं नुसता वास घेतला आणि अर्जावर इंग्रजीत शेरा मारला, 'मोल्डी, वाचता येत नाही'. साहेब अर्ज परत पाठवायला निघाले. बाई म्हणाली, "बुरा आला म्हणून पैसे बुडाले काय वो?"

मी पावती खिडकीपाशी उजेडात नेली. एक डागसुद्धा नव्हता. नंबर, रक्कम, सही सगळं स्वच्छ. लेजर काढलं, नोंद तंतोतंत जुळली. जुना शेरा खोडून मी लिहिलं, 'मस्टी, पण पूर्ण वाचनीय' आणि खाली सही केली. वारसाचे कागद पुरे झाल्यावर बाईला व्याजासकट पैसे मिळाले. त्यातून तिनं घराची कौलं बदलली.

नातीला मी एवढंच सांगितलं: डोळ्यांना दिसतं ते मोल्डी, नाकाला कळतं ते मस्टी. आणि 'बुरसटलेले विचार' म्हणायचं असेल तर इंग्रजीत मस्टी चालतं, फस्टी त्याहून चपखल.

तुमच्याकडे बुरशीला काय म्हणतात? इंदूर, बडोदा, गोव्याच्या मंडळींनी जरूर लिहावं. आणि घरातले जुने कागद पावसाळा संपला की एकदा तरी उन्हं दाखवून ठेवा.