पत्र्याची शाकारणी

कौलं उतरवून पत्रा का घातलात, असं आमच्या भागात कुणालाही विचारलं तर पहिलं नाव माकडांचं निघतं. टोळी छपरावरून एकदा धावत गेली की मंगळुरी कौलांचा चुरा होतो. दुसरं कारण माणसांचं. मे महिन्यात घर शाकारायला पूर्वी वाडीतली चार माणसं हाकेसरशी यायची, आता ती मुंबईत असतात. दोन्ही कारणं खरी आहेत. पण त्यांच्याआड एक समजूतही असते, की पत्रा घातला म्हणजे दर वर्षाच्या शाकारणीतून सुटलो. मी दापोली-मंडणगडच्या बाजूला पत्र्याच्या छपरांची कामं करतो. शिमगा झाला की मृगापर्यंत माझा बहुतेक वेळ छपरांवरच जातो, आणि ही समजूत मला घरोघरी खोडून काढावी लागते.

चांगला कलर पत्रा पंचवीस वर्षंसुद्धा काढतो. त्याला धरून ठेवणाऱ्या स्क्रूचं आणि स्क्रूच्या डोक्याखालच्या काळ्या रबरी वायसरचं वय मात्र वेगळं चालतं. हे रबर बऱ्या प्रतीचं असलं तर ते ईपीडीएम जातीचं असतं. ते उन्हाला आणि पावसाला साध्या रबरापेक्षा कितीतरी जास्त टिकतं, तरी पत्र्याइतकं टिकत नाही. शिवाय बाजारात काळं दिसणारं सगळंच ईपीडीएम नसतं. हलकं रबर चारपाच उन्हाळ्यांत कडक होतं आणि त्याला कडेने चिरा जातात. घरातल्या वहिनींना हे समजवायचं असेल तर मी जुनं वायसर काढून त्यांच्या हातात देतो आणि म्हणतो, कुकरची जुनी रिंग आठवा. मग पुढचं सांगावं लागत नाही.

लोक छपराकडे पत्रा म्हणूनच बघतात. रंग कुठला, जाडी किती, कंपनी कुठली, यावर तासभर बोलतात, स्क्रूचा विषय दुकानदारावर सोडतात. हजार चौरस फुटांच्या घराला स्क्रू शेकड्यांनी लागतात, म्हणजे चांगल्या पत्र्याला आपण स्वतःच्या हातांनी शेकडो भोकं पाडतो. त्यातलं प्रत्येक भोक एका बोटाच्या पेराएवढ्या रबराच्या भरवशावर असतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो सगळा या भोकांवरून वाहून जातो. म्हणून छपराची देखभाल म्हणजे माझ्या लेखी आधी स्क्रूंची देखभाल, पत्र्याची त्यानंतर.

स्क्रू किती आवळायचा, हे या कामातलं सगळ्यात नाजूक गणित. वायसर पत्र्यावर बसलं पाहिजे आणि वरच्या लोखंडी चकतीच्या कडेशी रबर किंचित फुगून दिसलं पाहिजे. एवढंच. रबर चकतीच्या बाहेर चेपून आलं, चकतीची वाटी उलटी झाली किंवा पत्र्याला खळगा पडला तर तो स्क्रू जास्त आवळला गेला. खळग्यात पाणी साचतं, चेपलेलं रबर लवकर फाटतं. आणि वायसर बोटाने फिरत असेल तर स्क्रू ढिला राहिला. माझ्याबरोबर नवीन आलेल्या मुलांच्या हातात मी इम्पॅक्ट मशीन देत नाही. त्याचा दणका इतका जोराचा असतो की रबर कधी बसलं आणि कधी चिरडलं, हे हाताला कळायच्या आत काम होऊन जातं. क्लच असलेलं साधं ड्रिल मशीन, हळू वेग, आठचा सॉकेट, आणि शेवटचा पाव फेरा हाताच्या अंदाजाने. स्क्रू सरळ उभा जायला हवा. तिरका गेला तर वायसर एका बाजूने दाबतं आणि दुसऱ्या बाजूने तोंड उघडं ठेवतं.

बरोबर आवळलेला स्क्रूसुद्धा कायम तसा राहत नाही, कारण पत्रा हलतो. मे महिन्यात पहाटे हात लावला तर तो गार असतो, दुपारी त्यावर पाय ठरत नाही. पहाट आणि दुपार यांत पत्र्याच्या अंगात चाळीस अंशांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्या फरकाने वीस फुटी लोखंडी पत्रा साधारण तीन मिलिमीटर लांबतो. ॲल्युमिनियमचा जवळजवळ दुप्पट. रात्री तो पुन्हा आखडतो. सकाळी छपरातून टकटक आवाज येतात ते यामुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण ही ओढाताण दर दिवशी त्याच स्क्रूच्या मानेवर येते. भोक एका दिशेने लांबट होत जातं, स्क्रू आत डुलायला लागतो, आणि काही वर्षांनी त्याचं डोकं पत्र्यापासून कागदभर वर आलेलं दिसतं.

असा वर आलेला स्क्रू दिसला की घरमालकाला वाटतं, पान्हा लावून पुन्हा आवळला की झालं. कधी कधी होतंही. स्क्रू घेतोय, वायसर मऊ आहे, तर पाव फेरा पुरतो. पण बहुतेक वेळा तो नुसता फिरतो, आत काही धरतच नाही, कारण खालच्या पाइपातले आटे झिजलेले असतात. आपल्याकडे पर्लिनला, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या आधाराला, जो चौकोनी पाइप वापरतात त्याची जाडी दीड-दोन मिलिमीटर. तेवढ्या पत्रीत स्क्रूचे जेमतेम एकदोन आटे धरतात. तिथे जुना स्क्रू काढून त्याच भोकात एका मापाने जाड आणि थोडा लांब स्क्रू घालावा लागतो, नव्या वायसरसकट. साडेपाच मिलिमीटरचा निघाला तर सव्वासहाचा घालायचा. तोही धरत नसेल तर पाइप आतून गंजला आहे असं समजायचं. पाइपाची टोकं उघडी ठेवली की दमट हवा आत शिरते आणि तो आतल्या आत सडतो, बाहेरचा रंग मात्र शाबूत. अशा वेळी स्क्रूवर वेळ घालवू नये, पर्लिन बदलावी.

आमच्याकडे निम्म्या घरांत पत्र्याखाली अजून जुनेच वासे आणि रीपा आहेत. ऐन, किंजळ, फणस. लाकडाला धरणारा स्क्रू वेगळा: टोकदार, लांब, मोठ्या आट्यांचा. लोखंडाला भोक पाडणारा, ड्रिलसारख्या टोकाचा स्क्रू लाकडात घातला तर तो आधीच मोठं भोक कोरतो आणि मागच्या आट्यांना धरायला काही उरत नाही. दुकानात एकच खोका मिळाला म्हणून तोच सगळीकडे वापरलेली छपरं मी पाहिली आहेत. दोनतीन पावसाळ्यांत तिथले स्क्रू हाताने उपसून येतात. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आखडतं, आणि दर वर्षी स्क्रूला थोडं थोडं बाहेर लोटतं. जुना ऐन तर इतका टणक असतो की आधी बारीक भोक न पाडता स्क्रू घुसवला तर त्याची मान तुटते.

आणखी जुन्या छपरांना हुक असतात, वर नट, टोपी आणि डांबरी वायसर. डांबर वाळून त्याचे तुकडे पडतात, नट गंजून हुकाशी एकजीव होतो. घाई असलेला माणूस ग्राइंडर काढतो. मी छपरावर ग्राइंडर चालवू देत नाही. त्याच्या ठिणग्या म्हणजे तापलेला लोखंडाचा कीस. तो पत्र्याच्या रंगात रुतून बसतो आणि पहिल्या पावसानंतर तांबड्या ठिपक्यांच्या रूपाने वर येतो. आदल्या संध्याकाळी नटाला तेल सोडावं, सकाळी पान्हा लावावा, नाहीच आला तर करवतीच्या पात्याने कापावा. वेळ जातो, पत्रा वाचतो. स्क्रू घालताना पडणारा कीससुद्धा त्याच दिवशी मऊ झाडूने झाडून टाकावा लागतो.

सिलिकॉनबद्दल माझं मत कडक आहे. गळती लागली की स्क्रूच्या डोक्यावर सिलिकॉनचा गोळा थापायचा, ही आता रीतच पडली आहे. त्यातही जे स्वस्त मिळतं, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो, त्यातून ॲसिड सुटतं आणि ते पत्र्यावरच्या जस्ताला खातं. वास न येणारं न्यूट्रल जातीचं निदान पत्र्याचं नुकसान करत नाही. पण तेसुद्धा हलणाऱ्या स्क्रूवर फार दिवस राहत नाही, कडेने सुटतं आणि त्याखाली पाणी धरून ठेवतं. वरून गोळा दिसतो म्हणून पुढचा माणूस तो स्क्रू तपासत नाही, खाली वासा कुजत राहतो. भर पावसात वेळ मारून न्यायला सिलिकॉन ठीक. दिवाळीनंतर तो गोळा खरवडून स्क्रू बदलायलाच हवा.

गळतीचं मूळ शोधणं हेही शिकावं लागतं. पाणी जिथे टपकतं तिथे भोक असेलच असं नाही. ते पत्र्याच्या पोटाला धरून खाली येतं, पर्लिनला अडतं, तिच्यावरून आडवं जातं आणि भलत्याच खोलीत पडतं. म्हणून शोध टपकणाऱ्या जागेपासून आढ्याच्या दिशेने घ्यायचा. भर दुपारी घरातले दिवे बंद करून वर बघितलं तर उघडी भोकं सुईच्या टोकासारखी चमकतात. थंडीच्या पहाटे पत्र्याच्या आतून पाणी टपकलं तर मात्र स्क्रूला दोष देऊ नये. रात्री पत्रा गार पडतो आणि घरातली दमट हवा त्याला चिकटून तिचं पाणी होतं. तिथे उपाय हवा खेळती ठेवण्याचा.

पाण्याचं इतकं सांगितलं, पण स्क्रूचं खरं काम वाऱ्याशी आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आलं आणि आमच्या दापोली-मंडणगडला झोडपून गेलं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याच्या कडेने वर सरकलं. निसर्गनंतर मी गावागावांतून फिरलो ते पत्रे कुठून सुटले हे बघत. काही घरांवर स्क्रू जागच्या जागी उभे होते आणि पत्रा त्यांच्या डोक्यावरून फाटून गेला होता. तिथे पत्रा पातळ होता किंवा भोकं गंजून मोठी झाली होती. काही ठिकाणी स्क्रू रीपेतून उपसून आले होते. आणि काही ठिकाणी पत्रा, स्क्रू, रीपा सगळं जसंच्या तसं एकत्र उचललं गेलं होतं, कारण वासेच भिंतीला बांधलेले नव्हते.

वारा छपराला दाबतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो वरून जाताना छपराला वर ओढतो. ताशी 108 किलोमीटरच्या वाऱ्याचा जोर हिशेबाने चौरस मीटरला सुमारे 55 किलो भरतो. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचं स्वतःचं वजन तेवढ्याच जागेत चारसाडेचार किलो. उरलेलं सगळं स्क्रूंनी पेलायचं. वळचणीला, कोपऱ्यांना आणि आढ्याजवळ ही ओढ मधल्या भागापेक्षा जास्त असते, म्हणून तिथे स्क्रू दाट हवेत. पाखीच्या मध्यावर एखादा स्क्रू ढिला सापडला तर मी संध्याकाळपर्यंत थांबेन. पश्चिमेच्या वळचणीचा ढिला सापडला तर हातातलं काम बाजूला ठेवून आधी तो बदलतो.

तपासणीला मी सकाळी लवकर चढतो, पण दव वाळल्यावर. पाय नेहमी स्क्रूंच्या ओळीवर, कारण खाली पर्लिन तिथेच असते. उजेडासाठी घातलेल्या फायबरच्या पत्र्यावर आणि जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर पाय द्यायचा नाही, यात माणसं मेली आहेत. कंबरेला पट्टा, आणि दोर पलीकडच्या बाजूला पक्क्या आधाराला. मग एकेक स्क्रू बोटाने हलवून बघायचा. नजरेने तपासणी होत नाही. वरून ठणठणीत दिसणाऱ्या डोक्याखालचं रबर कडक झालंय का, हे बोटालाच कळतं. म्हणूनच मुंबईहून फोन करून, भाऊ, जरा छपराचे फोटो पाठवा, मग ठरवू, असं कुणी म्हणालं की माझी पंचाईत होते.

आणि असे फोन खूप येतात. कोकणातली कितीतरी घरं गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, एरवी कुलूप. राहत्या घरात गळती लागली की कुणीतरी बादली ठेवतं आणि मला बोलावतं. बंद घरात तीच गळती पावसाळाभर एकाच वाशावर पडते. ओलं लाकूड वाळवीला हवंच असतं. ती मातीच्या भिंतीतून चढते, आणि पुढच्या गणपतीला दार उघडेपर्यंत आढ्यापर्यंत पोचलेली असते. दोनपाच रुपयांच्या वस्तूपायी आजोबांनी उभं केलेलं चौपाखी घर खचताना मी बघितलं आहे, आणि ते बघताना पोटात तुटतं.

अशा घरमालकांचा ठरलेला प्रश्न असतो, सगळेच स्क्रू बदलायचे का. मी पाखीगणिक बघतो. एका पाखीवर इकडेतिकडे थोडे बिघडले असतील तर तेवढेच. चाचपलेल्या चारांपैकी एक कडक निघत असेल तर ती पाखी पूर्ण बदलावी, कारण उरलेले तीन त्याच दिवशी, त्याच खोक्यातून घातलेले असतात. समुद्राकडची बाजू आधी धरायची. तिथे खारा वारा स्क्रूच्या जस्ताला लवकर संपवतो, म्हणून स्क्रूही जाड लेपाचे घ्यायचे. काम झालं की त्याच मापाचे मूठभर स्क्रू डबीत घालून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवतो, डबीवर माप आणि साल लिहितो. किल्ली ज्या शेजाऱ्यांकडे असते त्यांना सांगून जातो: पहिला मोठा पाऊस झाला की एकदा आत जा, माळ्यावर बॅटरी मारा, कुठे ओल दिसली तर वाशावर खडूने खूण करा आणि मला फोन करा. पत्रा वाळला की मी चढतो.