ओवीतला ज्यू आणि शेजारचा तेली

आमच्या नवापूरजवळचे तारापूर १७३९ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होते. याच सत्तेच्या गोव्यात धर्मन्यायसभेने १५८० मध्ये ज्यू वंशाचा वैद्य गार्सिया द ओर्ता याच्या अस्थी उकरून जाळल्या. वर्गात फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' (१६१६) शिकवताना हा संदर्भ मला बाजूला सारता येत नाही. मराठी ओवीत ज्यू अवतरला तो ख्रिस्तवधाच्या कथेतून, आरोपी म्हणून. कोकणातील प्रत्यक्ष बेने इस्रायल मात्र शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली' होते. गावाने त्यांना व्यवसायाने व विश्रांतीच्या दिवसाने ओळखले, वधाच्या आरोपाने नव्हे. समस्त ज्यूंवरील हा आरोप व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये नाकारला. आमची समीक्षा अजून ओवीच्या सौष्ठवापाशीच थांबते. त्या सौष्ठवाने वाहून आणलेला पूर्वग्रह तपासणे हेही तिचेच काम आहे, असे मला वाटते.