दुर्बिणीची नाइट शिफ्ट

मंडळी, डोंबिवलीच्या आकाशात तारे मोजायचे म्हटलं तर हाताची बोटंही जास्त होतात. पण आपल्याच सेंट्रल लाइनवर, ठाण्याच्या पुढे कांजूरमार्गला उतरून रिक्षा केली की येणाऱ्या आयआयटी मुंबईची स्वतःची दुर्बीण आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

अर्थात ती पवईत नाही. लडाखमध्ये हानलेला, साधारण ४५०० मीटर उंचीवर आहे. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अॅस्ट्रोफिजिक्सबरोबर उभारलेली ही ७० सेंटिमीटरची 'ग्रोथ-इंडिया' २०१८ मध्ये सुरू झाली. भारतातली ही पहिली पूर्ण रोबोटिक संशोधन-दुर्बीण.

रोबोटिक म्हणजे यंत्रमानव डोळा लावून बसलाय असं नव्हे हो! आपल्या भाषेत सांगायचं तर एक क्यू आणि एक शेड्युलर. आज काय बघायचं त्याची यादी आधीच दिलेली. मग दुर्बीण वळवणं, फोटो घेणं, पुढच्या लक्ष्याकडे जाणं, सगळं प्रोग्रॅम करतो. गॅमा किरणांच्या स्फोटानंतरचा उजेड काही तासांत मंदावतो, तिथे माणूस उठून चहा घेईपर्यंत उशीर व्हायचा. शिवाय कॅलिफोर्नियात दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र. म्हणून जगभरातल्या दुर्बिणी रिले शर्यतीसारखं एकच लक्ष्य एकमेकींकडे सोपवतात.

हे वाचताना मला आमच्या ऑफिसातली चर्चा आठवली. सगळं ऑटोमेट झालं तर नाइट शिफ्टची माणसं हवीत कशाला? प्रश्न चेष्टेचा नाही. त्या शिफ्टवर काहींच्या घराचे हप्ते चालतात.

याच आयआयटीची एक गोष्ट सांगतो. ऑगस्ट २०२० मध्ये '२०२० क्यूजी' हा छोटा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून जेमतेम २९५० किलोमीटरवरून गेला. फोटो कॅलिफोर्नियातल्या स्वयंचलित कॅमेऱ्याने काढले होते. संशयास्पद रेघा सॉफ्टवेअरने वेगळ्या केल्या. त्यातल्या बऱ्याचशा उपग्रहांच्या वगैरे असतात. पण ही रेघ लघुग्रहाची आहे, हे ओळखणाऱ्यांत आयआयटी मुंबईचे दोन विद्यार्थी होते.

म्हणजे जागरण यंत्राकडे गेलं, पण शंका घेण्याचं काम माणसाकडेच राहिलं. आमच्या शिफ्टवाल्यांना काढण्याऐवजी हे काम शिकवता येईल की नाही, एवढंच सोमवारच्या मीटिंगमध्ये विचारणार आहे. बघू काय म्हणतात ते.