शेततळ्यावरचा कोतवाल

हसनाबादच्या शिवारात शेततळ्याच्या तारेच्या कुंपणावर कोतवालाची बैठक ठरलेली. काळाभोर अंग, त्यावर उन्हात निळसर झाक, गडद तपकिरी डोळे, चोचीच्या कडेला पांढरा ठिपका आणि टोकाशी दुभंगलेली लांब शेपटी. चण बारीक, पण रुबाब मोठा. विणीच्या दिवसांत कावळा असो की शिक्रा, झाडाजवळ फिरकला की हा थेट अंगावर जातो. त्याच्या या धाकाच्या भरवशावर होले आणि हळदे त्याच झाडावर निर्धास्त घरटी करतात.

शिकार करताना तो आधी नुसता बसून राहतो. मान तेवढी वळते. मग एकच झेप, हवेत चोच मिटल्याचा चट्‌ आवाज, आणि स्वारी परत त्याच खांबावर. नाकतोडा मोठा असेल तर पायाखाली दाबून तोडून खातो. वखर चालू झाला की मागोमाग येतो, चरणाऱ्या म्हशीच्या पाठीवरही बसतो. पायांनी उठणारे किडे त्याला आयते मिळतात. तळ्यावर पाकोळ्या डास-चिलटे टिपतात, वेडे राघू माश्या पकडतात. हा मात्र उडता उडता पाण्यात बुडी मारून अंघोळ करतो आणि पुन्हा कामाला लागतो.

पहाटे सगळ्यांच्या आधी तो जागा असतो आणि दिवेलागणीपर्यंत थांबतो. घाटेअळीचे पतंग नेमके तेव्हाच बाहेर पडतात. एक मादी शेकड्यांनी अंडी घालते. ती टिपली म्हणजे पुढच्या अळ्यांचा बंदोबस्त आधीच झाला. हरभऱ्याच्या घाट्यात तोंड खुपसून धड बाहेर ठेवलेली अळीही त्याच्या नजरेतून सुटत नाही. तो मधमाशी आणि चतुरही खातो, हे खरे. तरीही वर्षाच्या हिशेबात शेतकऱ्याच्या पदरात लाभच जास्त पडतो.

म्हणून तर हरभरा-तुरीत पक्षीथांबे लावा, असे कृषी विद्यापीठे सांगतात. पिकापेक्षा हात-दीड हात उंच, टी आकाराची काठी पुरते. बांधावरची बाभूळ आणि लिंब राखा, म्हणजे घरट्याला जागा राहील. आणि किडीचे प्रमाण पाहिल्याशिवाय फवारणीचा पंप पाठीवर घेऊ नका. विषाने मित्रकिडे जातात, पाखरांचे अन्नही जाते, आणि मग राखणीचा सगळा खर्च आपल्याच खिशातून करावा लागतो.