आंजर्ल्याच्या वाटेवर बाळू पालवणकर

हर्णै मागे टाकून आंजर्ल्याकडे निघालं की जोग नदीची खाडी आडवी येते. पूल होण्याआधी इथे तरीची वाट पाहावी लागे. आता गाडी थेट गावात शिरते आणि कड्यावरच्या गणपतीपर्यंत चढते. मूळ देऊळ समुद्राने गिळलं आणि देव वर कड्यावर आला, असं गावात सांगतात. आजचं देऊळ १७६८ ते १७८० या काळातल्या जीर्णोद्धाराचं. तिथून सुवर्णदुर्ग दिसतो.

जवळच मुर्डी. रँग्लर र. पु. परांजपे इथले, जन्म १८७६चा. १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. इतक्या जागृत देवस्थानाशेजारी जन्मलेला हा माणूस पक्का बुद्धिवादी निघाला, याची मला मोठी गंमत वाटते.

पण या वाटेवर मनात घोळत राहिले ते त्यांच्याच वयाचे क्रिकेटपटू बाळू पालवणकर. आडनाव कोकणातल्या पालवणचं, जन्म धारवाडचा. घर चर्मकार समाजातलं, वडील लष्करात नोकरीला. परांजपे पुण्यात शिकत होते, त्या दिवसांत बाळू तिथल्याच गोऱ्यांच्या क्लबात रोलर फिरवत होते, सरावाची जाळी लावत होते. क्लबातले फलंदाज कॅप्टन ग्रेग यांना सरावासाठी गोलंदाज हवा होता. बाळूंची डावखुरी फिरकी त्यांच्यावर तासन्‌तास चाले. बॅट मात्र बाळूंच्या हाती कुणी देईना.

गोऱ्यांना हरवायचं तर हाच गोलंदाज हवा, हे पुण्यातल्या हिंदू क्लबाला कळलं. खळखळ करून का होईना, त्यांना संघात घेतलं. त्यांच्या हातचा चेंडू सगळ्यांना चाले. चहाच्या वेळी मात्र ते पॅव्हेलियनबाहेर, हातात वेगळं मातीचं भांडं. विकेट पडताना विटाळ होत नसे, एवढाच या सोवळ्याचा हिशेब.

पुढे ते मुंबईला गेले, हिंदू जिमखान्याकडून खेळले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना हरवलं त्या संघात ते होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालच्या भारतीय संघातून ते इंग्लंडला गेले. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी ११४ बळी घेतले.

एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना दिलं गेलं नाही, आणि त्याचं कारण जातीखेरीज दुसरं काही नव्हतं. १९२३ साली ते पद त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळालं. तोवर बाळूंचं खेळायचं वय सरलं होतं.