मुंबई पासष्ट

गावाकडचे पाहुणे येणार म्हटले की आमच्या वस्तीतली बाई आधी पिंपाकडे बघते. डबा-पिठाची काळजी नंतर. आरे कॉलनीत, युनिटच्या मागे आमची दहा बाय बाराची खोली आहे. नळाला पाणी आले तर तासभर, नाही आले तर शेजारच्या वस्तीतून आणायचे. म्हणून माझ्या नणंदेचा, वन्संचा, फोन आला की "दिवाळीच्या सुट्टीत नातीला घेऊन चार दिवस येते," तेव्हा मी "या की" म्हणाले खरी, पण हात लगेच पिंपाच्या झाकणावर गेला. आणि मग मलाच माझी लाज वाटली. कारण अकरा वर्षे वन्सं आमच्याकडे आल्या नव्हत्या त्या या पिंपापायीच.

ते आधी सांगते, म्हणजे पुढचे समजेल. २०१४ च्या डिसेंबरात वन्सं गावच्या सात-आठ जणांसोबत सहा डिसेंबरला आल्या होत्या. शिवाजी पार्कात दोन रात्री काढून सगळे एका दिवसासाठी आमच्याकडे आले. रात्री मी ह्यांना हळू आवाजात म्हटले, "दोन दिवसांचं पाणी एका सकाळी संपलं. माणसं आणायची तर विचारून तरी आणावीत." मधे पत्र्याची भिंत. पहाटे वन्संनी वळकट्या गुंडाळल्या, गाडीची वेळ झाली म्हणाल्या आणि गेल्या. गाडी रात्रीची होती! त्यानंतर दरवर्षी गावाकडून येणाऱ्याच्या हाती तुरीची डाळ आणि ज्वारी यायची. त्या मात्र यायच्या नाहीत.

या वर्षी, म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये, मराठवाड्यात पाऊस किती पडला ते वाचकांना ठाऊक आहेच. वन्संचे दोन एकर सोयाबीन पाण्याखाली गेले. घरात सगळे गप्प गप्प. नात नववीत, तीही शाळेतून येऊन कोपऱ्यात बसायची. तिला जरा बाहेर काढावे म्हणून त्या निघाल्या होत्या. डाळ या वेळी आली नव्हती. पिशवीत फक्त भुईमुगाच्या शेंगा होत्या आणि त्या देताना वन्संचा चेहरा उतरला होता.

देवगिरीने दोघी रविवारी सकाळी दादरला उतरल्या. हे घ्यायला गेले. ह्यांची रिक्षा आहे, पण वांद्रे-सायनच्या पुढे रिक्षाला बंदी, म्हणून आणायला-सोडायला लोकलच. मी मुलाच्या वहीत चार दिवसांची यादी करून ठेवली होती. राणीची बाग, गेट वे, जुहू, मॉल असे सगळे. वन्संनी यादी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "तू म्हणशील तिथं येते. मला दोनच गोष्टी पाहायच्यात. एक समुद्र. दुसरी मागून सांगीन."

मी हसले. म्हटले, "वन्सं, तुम्ही चार वेळा चैत्यभूमीला आलात. समुद्र तर पाठीशीच आहे."

"पाठीशी आसंल. आम्ही रांगेत व्हतो. रांग सुटली की पुस्तकाचे स्टॉल, मग जेवणाची रांग, मग गाडी. ज्यानं त्यानं एकमेकाचा पदर धरलेला. समुद्र कोन बघतंय?"

सहा डिसेंबरला आलेल्या किती बायाबापड्यांचे असेच झाले असेल. मुंबईत येऊन मुंबई पाहिली नाही, फक्त अभिवादन केले आणि परतले.

सोमवारी आम्ही कान्हेरीला निघालो आणि माझी पहिली फजिती झाली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला सोमवारी सुट्टी असते. इतकी वर्षे शेजारी राहून मला हे माहीत नव्हते. आरेचे जंगल आणि ते जंगल तर एकमेकांना लागून. बिबट्याला सोमवार नसतो, आम्हाला असतो. ह्यांनी डोके लढवले. बोरिवली पश्चिमेहून गोराईच्या खाडीवर गेलो आणि बोटीने पलीकडे ग्लोबल विपश्यना पॅगोडा पाहून आलो. २००९ साली त्याचे उद्घाटन झाले. आत एकही खांब नाही आणि हजारो माणसे ध्यानाला बसू शकतात एवढा घुमट. पाहण्यासारखे आहे, पण नातीला सगळ्यात आवडली ती बोट. वन्सं बोटीत माझा दंड घट्ट धरून बसल्या होत्या. "हा समुद्र का?" "नाही, ही खाडी." "मग ह्याला धरू नको," असे म्हणून त्यांनी हिशोब पुढे ढकलला.

मंगळवारी कान्हेरी. उद्यानाच्या दरवाजापासून लेणी सहा किलोमीटर आत आहेत, तेव्हा बसने जावे. लहान मुले आणि म्हातारी माणसे असतील तर चालण्याचा हट्ट करू नये. दशम्या, चटणी बरोबर घ्यावी, पण माकडांपासून पिशवी सांभाळावी. आमची एक दशमी गेलीच.

तीन नंबरचे चैत्यगृह आधी लागते. त्याच्या व्हरांड्यात दोन्ही बाजूंना बुद्धांच्या वीस फुटांहून उंच मूर्ती उभ्या आहेत. वन्संनी चपला काढल्या, वंदन केले आणि बराच वेळ नुसत्या पायांकडे बघत राहिल्या. इथे शंभराच्या वर लेणी आहेत. साधारण इसवी सनाच्या पूर्वीच्या शतकापासून पुढे हजारेक वर्षे लोक ती कोरत होते. दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत भिंतींवर आहेत. त्यांत व्यापारी आहेत, कारागीर आहेत, बायका आहेत, भिक्खुणी आहेत. कल्याण, सोपारा अशा आपल्या ओळखीच्या गावांची नावे आहेत. माझ्या मुलाने शाळेच्या सहलीत ऐकलेले हे सगळे सांगितले आणि नातीने विचारले, "बायकांची नावं दगडावर? त्यांच्या नवऱ्यांनी घातली का?" मुलगा म्हणाला, "नाही, त्यांनीच दान दिलं." ती पुढच्या प्रत्येक लेण्यात अक्षरे शोधत फिरली. गावाहून आल्यापासून पहिल्यांदा तिचा आवाज मोठा झाला.

पण माझ्यासाठी त्या दिवशीची गोष्ट वेगळीच होती. कान्हेरीत लेण्यालेण्याजवळ दगडात खोदलेले पाण्याचे टाके आहे. जुन्या लेखांत त्याला पोढी म्हटले आहे. डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी खडकात पन्हळी खोदून त्या टाक्यांत आणलेले. पावसाळा सरला होता, टाकी भरलेली होती. वन्सं एका टाक्याच्या काठावर बसल्या, आत वाकून बघितले आणि सहज म्हणाल्या, "आधी पान्याची सोय केली, मग मान्सं बोलावली. शहाणे व्हते."

त्या मला टोचून बोलल्या नव्हत्या, हे मला आजही पटते. त्यांच्या तोंडून खरेच सहज निघाले होते. पण माझ्या छातीत धस्स झाले. मुले पुढे गेली होती. मी म्हटले, "वन्सं, त्या रात्री मी जे बोलले..."

त्यांनी हात हलवला. "तू खोटं काय बोललीस? पिंप रिकामंच व्हतं. मी सकाळी उठून बघितलं ना."

"मग इतकी वर्षं आला का नाहीत?"

"मला वाटलं तुला माझं तोंड बघायचं न्हाई. आन् तुला काय वाटलं?"

"मला वाटलं तुम्ही रागावलात."

"रागावलेच व्हते. दोन वर्सं. मग राग गेला, पन बोलवनं कुठं आलं?"

खरे होते. अकरा वर्षांत मी एकदाही "या" म्हटले नव्हते. डाळ मिळाल्याचा फोन मात्र दरवर्षी केला होता. मी काही बोलले नाही. त्यांनी पदराने माझे नाही, स्वतःचे तोंड पुसले आणि म्हणाल्या, "चल, पोरं माकडाच्या मागं लागलीत."

बुधवारी मुंबई. आमच्या आरेच्या दक्षिण टोकाला, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर आता भुयारी मेट्रोचे स्टेशन झाले आहे. ऑक्टोबर २०२५ पासून ही मेट्रो थेट कफ परेडपर्यंत जाते. सगळ्यात लांबचे तिकीट ७० रुपये. याच मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये आमच्या आरेतली दोन हजारांहून जास्त झाडे रातोरात तोडली होती. करवतीचे आवाज आम्ही ऐकले आहेत. आणि त्याच मेट्रोच्या गार डब्यात बसून वन्सं म्हणाल्या, "काय सुख आहे गं!" मलाही सुखच वाटले. दोन्ही खरे आहे, काय करणार.

हुतात्मा चौकाला उतरलो. गेट वेवर फोटो झाले, ते सगळेच करतात. मग फोर्टात सिद्धार्थ कॉलेजपुढे उभे राहिलो. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ च्या जूनमध्ये हे कॉलेज सुरू केले. नातीने विचारले, "मामी, इथं यायला किती टक्के लागतात?" वन्सं तिच्याकडे बघत राहिल्या. सोयाबीन गेले आहे हे त्या पोरीलाही ठाऊक, आम्हालाही ठाऊक. ह्यांनी सांगितले, "टक्के तू बघ. राहायला आपली खोली आहे." मी पटकन म्हटले, "पिंप अजून एक घेऊ." वन्सं रस्त्यातच मोठ्याने हसल्या.

परतताना दादरला उतरून हिंदू कॉलनीत राजगृह पाहिले. पुस्तकांसाठी बांधलेले ते घर, त्यावर एक वेगळा लेख होईल. मग शिवाजी पार्काच्या कडेने चालत चैत्यभूमी. गर्दी नव्हती. वन्सं स्तूपाजवळ एकट्या उभ्या राहू शकल्या. मागून कुणी ढकलले नाही, "पुढे चला" म्हटले नाही. त्याचेच त्यांना नवल. बाहेर आलो तेव्हा सूर्य खाली आला होता. ७ डिसेंबर १९५६ ला याच किनाऱ्यावर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले, हे त्यांनी नातीला सांगितले. मग लुगडे घोट्याच्या वर धरून वाळूत उतरल्या. पाणी पायाला लागले तशी एक पाऊल मागे आल्या, पुन्हा पुढे गेल्या. बोट ओले करून जिभेला लावले. "खारट हाय. लोक खरं सांगत व्हते."

मी विचारले, "आता दुसरी गोष्ट सांगा."

"मला मुंबई पासष्ट दाखव."

मला समजेना. ह्यांना समजले. माझे सासरे १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून मुंबईला आले आणि आरेत गवत कापायच्या कामाला लागले. १९४९ साली सुरू झालेल्या या कॉलनीत तेव्हा हजारो म्हशी होत्या, त्यांना हिरवे गवत इथलेच जायचे. वन्सं तेव्हा सहा वर्षांच्या. पुढे धाकट्यांना घेऊन सासूबाई मुंबईला आल्या, थोरली लेक आजीपाशी गावीच राहिली. दर महिन्याला मनीऑर्डर यायची. घरात वाचता येणाऱ्या या एकट्या, चौथी झालेल्या. पैसे आजी घ्यायची आणि कूपन या वाचायच्या. मजकूर दोन ओळींचा, खाली पत्ता : आरे मिल्क कॉलनी, मुंबई ६५. सासरे निवृत्त होऊन गावी गेले, तिथेच वारले. लेकीने बाप कुठे राबला ते पाहिलेच नव्हते.

गुरुवारी ह्यांनी रिक्षा काढली. छोटा काश्मीरच्या बागेपुढून, तबेल्यांवरून, गवताच्या पट्ट्यांपर्यंत नेले. पुष्कळ गोठे आता ओस आहेत. हे बोट दाखवत होते, "बाबा इथं विळा लावायचे, इथं जेवायचे." वन्संनी थोडे गवत उपटले, वास घेतला, नातीच्या हातात दिले. शेवटी पोस्टापुढे रिक्षा थांबली. पाटीवर ४०००६५. त्या आत गेल्या, एक कार्ड मागितले आणि बाकावर बसून चौथीच्या अक्षरात मुलाला लिहिले. मी शेजारीच होते, म्हणून दिसले : "आम्ही खुशाल आहोत. समुद्र पाहिला. काळजी करू नये." खाली पत्ता पूर्ण लिहिला.

कार्ड गावी पोचायच्या आधीच त्या दोघी पोचल्या होत्या. कार्ड आल्याचा फोन आला तो नवव्या दिवशी.